कॉन्फरन्सविना एक हंगाम : ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे २०२० चे फुटबॉल वेळापत्रक

अमेरिकेच्या यूटा राज्यातील प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने २०२० च्या हंगामासाठी बारा सामने निश्चित केले होते. ९ जुलै ते १० ऑगस्ट या जेमतेम महिन्याभराच्या काळात त्यांपैकी दहा रद्द झाले. उरलेल्या दोन सामन्यांतील एक खालच्या श्रेणीतील संघाविरुद्धचा होता. संघात पुरेसे खेळाडू होते, मैदान होते, प्रक्षेपणाचा करारही होता. नव्हते ते प्रतिस्पर्धी. कोविड-१९ च्या साथीत जगभरातील असंख्य क्रीडास्पर्धा विस्कटल्या. मात्र या संघाची अडचण वेगळी होती. तो कोणत्याही कॉन्फरन्सचा सदस्य नसल्याने त्याचे वेळापत्रक वाचविण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावरही नव्हती.

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडू हातात घेऊन वा फेकून शंभर यार्डांच्या मैदानावर पुढे सरकण्याचा हा खेळ आहे. अमेरिकेत विद्यापीठांच्या संघांचे सामने पाहण्यासाठी लाखभर प्रेक्षकही जमतात आणि त्यांच्या प्रक्षेपण हक्कांवर प्रचंड उलाढाल होते. २०२० मध्ये या खेळाच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे एफबीएसमध्ये, १३० संघ होते. त्यांपैकी १२३ संघ दहा कॉन्फरन्समध्ये विभागलेले होते. उरलेले सात स्वतंत्र होते : नोत्र दाम, ब्रिगहॅम यंग, आर्मी, लिबर्टी, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स आणि न्यू मेक्सिको स्टेट.

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपसांत केलेला गट. गटातील संघ दरवर्षी एकमेकांशी आठ-नऊ सामने खेळतात, गटविजेता ठरवितात आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न वाटून घेतात. उरलेले तीन-चार सामने ज्याने-त्याने बाहेरच्या संघांशी ठरवायचे असतात. स्वतंत्र संघाला मात्र सर्वच्या सर्व बारा सामने असे ‘बाहेरचे’ म्हणून जुळवावे लागतात.

हे काम साथीपूर्वीही सोपे नव्हते. सप्टेंबरमध्ये बहुतेक कॉन्फरन्सचे संघ बाहेरच्यांशी खेळण्यास मोकळे असतात. ऑक्टोबर उजाडला की त्यांचे गटांतर्गत सामने सुरू होतात आणि स्वतंत्र संघाला कोणाच्या तरी विश्रांतीच्या आठवड्यात जागा शोधावी लागते. म्हणूनच हे सामने पाच-पाच, कधी दहा-दहा वर्षे आधी ठरतात. त्यांचे करार साधारणतः दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात आज तुम्ही आमच्या मैदानावर या, पुढे कधीतरी आम्ही तुमच्याकडे येऊ, अशी परतफेडीची बोली असते. दुसऱ्या प्रकारात मोठे विद्यापीठ लहान संघाला ठरलेली रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावते आणि परतीचा सामना नसतो. लहान संघांच्या अंदाजपत्रकात अशा एका-दोन सामन्यांच्या मोबदल्याला मोठे स्थान असते.

ब्रिगहॅम यंग विद्यापीठ २०११ पासून स्वतंत्र होते. शेजारचे यूटा विद्यापीठ त्याच वर्षी पॅक-१२ या बड्या कॉन्फरन्समध्ये दाखल झाले. ब्रिगहॅम यंगला तसे निमंत्रण आले नाही. तेव्हा माउंटन वेस्ट ही आपली कॉन्फरन्स सोडून आणि ईएसपीएन या क्रीडावाहिनीशी थेट करार करून या विद्यापीठाने स्वतःची वाट धरली. देशभर पसरलेला चाहतावर्ग आणि चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या संप्रदायाशी असलेले नाते यांमुळे हा प्रयोग पेलण्याची ताकद या संस्थेत होती. एक मर्यादाही होती. संप्रदायाच्या नियमानुसार हा संघ रविवारी खेळत नाही.

२०२० चे मूळ वेळापत्रक हे त्या स्वातंत्र्याचे फळ होते. यूटा, ॲरिझोना स्टेट आणि स्टॅनफर्ड हे पॅक-१२ मधील तीन संघ, बिग टेनमधील मिशिगन स्टेट व मिनेसोटा आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्समधील मिझुरी असे सहा प्रतिस्पर्धी ‘पॉवर फाइव्ह’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच धनाढ्य कॉन्फरन्समधील होते. त्यांशिवाय बोइसी स्टेट, यूटा स्टेट, सॅन डिएगो स्टेट, नॉर्दर्न इलिनॉय, ह्यूस्टन आणि नॉर्थ अलाबामा यांच्याशी सामने ठरले होते. प्रोव्होच्या लॅव्हेल एडवर्ड्स स्टेडियममध्ये मिशिगन स्टेट आणि मिझुरी हे दोन मोठे संघ येणार होते. त्रेसष्ट हजारांवर आसने असलेल्या त्या मैदानासाठी हे वर्ष तिकीटविक्रीचे ठरावे, अशी ती आखणी होती.

मग जुलै उजाडला. ८ तारखेला हार्वर्ड, येल आदी विद्यापीठांच्या आयव्ही लीगने शरदातील सर्व खेळ रद्द केले. दुसऱ्या दिवशी बिग टेनने जाहीर केले की, त्यांचे संघ केवळ आपसांत खेळतील. मिशिगन स्टेट आणि मिनेसोटा गेले. १० जुलैला पॅक-१२ ने तोच निर्णय घेतला आणि एका फटक्यात आणखी तीन सामने गेले. त्यांत यूटाविरुद्धचा सलामीचा सामनाही होता, ज्याची त्या राज्यात वर्षभर वाट पाहिली जाते. ३० जुलैला साउथईस्टर्न कॉन्फरन्सने दहा गटांतर्गत सामन्यांचे वेळापत्रक स्वीकारले आणि मिझुरी वगळले गेले. ८ ऑगस्टला मिड-अमेरिकन कॉन्फरन्सने शरदातील हंगामच लांबणीवर टाकला. त्याबरोबर नॉर्दर्न इलिनॉय गेले. १० ऑगस्टला माउंटन वेस्टने तेच केले आणि राहिलेल्यांपैकी आणखी तिघे गळाले.

या निर्णयांमागचे कारण समजण्याजोगे होते. गटातील सर्व संघांसाठी चाचण्यांचे, विलगीकरणाचे आणि प्रवासाचे नियम एकसारखे ठेवता येतात. बाहेरचा संघ कोणते नियम पाळतो यावर कॉन्फरन्सचा ताबा नसतो. शिवाय एखादा सामना पुढे ढकलायचा झाल्यास गटातल्या गटात तारखा हलविता येतात. आर्थिक बाजूही होती. प्रक्षेपणाचे मोठे करार गटांतर्गत सामन्यांवर उभे असल्याने आधी तेच वाचविणे क्रमप्राप्त होते. स्वतंत्र संघांच्या वाट्याला या साऱ्याचे फक्त परिणाम आले.

येथे अमेरिकी व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. भारतात त्याच हंगामात रणजी करंडक भरवायचा की नाही, हा निर्णय भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा होता. मंडळाने तो घेतला आणि १९३४-३५ पासून चालत आलेली ती स्पर्धा प्रथमच एका वर्षासाठी खंडित झाली. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत असा निर्णय घेणारी मध्यवर्ती संस्थाच नाही. एनसीएए ही राष्ट्रीय संघटना खेळाडूंची पात्रता व सर्वसाधारण नियम पाहते. हंगामाचे वेळापत्रक आणि त्यातून येणारा पैसा कॉन्फरन्सच्या हाती आहे. परिणामी २०२० च्या उन्हाळ्यात एकाच खेळाविषयी दहा वेगवेगळे निर्णय झाले. कोणी खेळायचे ठरविले, कोणी थांबायचे, तर काहींनी आधी थांबून नंतर पुन्हा खेळायचे ठरविले.

सात स्वतंत्र संघांनी या गोंधळातून सात वाटा काढल्या. कनेटिकट विद्यापीठाने ५ ऑगस्टला हंगाम रद्द केला. सर्वोच्च श्रेणीत असा निर्णय घेणारे ते पहिले विद्यापीठ ठरले. अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्स सोडून त्यांचा संघ नुकताच, जुलैमध्ये, स्वतंत्र झाला होता. स्वातंत्र्याच्या पहिल्याच वर्षी इलिनॉय, इंडियाना आणि मिसिसिपी हे प्रतिस्पर्धी त्याने गमावले. मॅसॅच्युसेट्सने ऑगस्टमध्ये माघार घेतली, सप्टेंबरमध्ये ती फिरविली, चार सामने खेळले आणि चारही गमावले. त्यांपैकी दोनांत त्यांच्या खात्यावर एकही गुण नव्हता. न्यू मेक्सिको स्टेटचे फ्लोरिडा आणि यूसीएलए यांच्याविरुद्धचे, मोबदल्याच्या दृष्टीने महत्त्वाचे सामने गेले. राज्यातील निर्बंध कडक असल्याने तो संघ अखेर २०२१ च्या वसंतात शेजारच्या टेक्सासमधील एल पासो येथे खालच्या श्रेणीतील संघांशी दोन सामने खेळला.

नोत्र दामची गोष्ट निराळी. शतकभर स्वातंत्र्याचा अभिमान बाळगणाऱ्या आणि १९९१ पासून एनबीसी वाहिनीशी स्वतःचा करार असलेल्या या विद्यापीठाने २९ जुलैला एका हंगामापुरता अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा आश्रय घेतला. अन्य खेळांत ते आधीपासून त्या गटाचे सदस्य होते. फुटबॉलमध्येही दरवर्षी सरासरी पाच सामने त्या गटातील संघांशी खेळण्याचा त्यांचा करार होता. त्यामुळे संकटकाळी दार ठोठावायला ओळखीचे घर होते. मोबदल्यात एनबीसीचे उत्पन्न गटातील सर्वांबरोबर वाटून घेण्याचे त्यांनी मान्य केले. ही तडजोड फळाला आली. नोत्र दामने गटाची अंतिम लढत गाठली आणि राष्ट्रीय अजिंक्यपदासाठीच्या चार संघांतही स्थान मिळविले. किंमतही मोजावी लागली. १९२७ पासून दरवर्षी होत आलेला नेव्हीविरुद्धचा सामना त्या वर्षी झाला नाही, तसेच सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्धची परंपरागत लढत दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच हुकली.

नेव्हीचा तो सामना रद्द होण्याचा लाभ ब्रिगहॅम यंगला मिळाला. नोत्र दाम आणि नेव्ही यांची लढत आधी आयर्लंडमधील डब्लिनला व्हायची होती. साथीमुळे ती मेरीलँड राज्यातील ॲनापोलिसला आणण्यात आली. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने मात्र आपल्या सदस्यांना गटाबाहेरचा एकच सामना, तोही सदस्य विद्यापीठाच्याच राज्यात, खेळण्याची अट घातल्याने ती बारगळली. नेव्हीला सप्टेंबरच्या आरंभी प्रतिस्पर्धी हवा होता. प्रोव्होहून क्रीडा संचालक टॉम होल्मो प्रतिस्पर्धी शोधतच होते. ऑगस्टमध्ये करार झाला. ७ सप्टेंबरला, कामगार दिनाच्या सोमवारी, रिकाम्या प्रेक्षागारासमोर ब्रिगहॅम यंगने नेव्हीचा ५५-३ असा धुव्वा उडविला. नेव्हीचे प्रशिक्षक केन नियुमाटालोलो यांनी संसर्गाच्या भीतीने सरावात खेळाडूंना परस्परांशी भिडू दिले नव्हते. मैदानात उतरल्यावर त्यांचे खेळाडू प्रतिस्पर्ध्याला रोखूच शकले नाहीत. ती चूक आपली होती, असे प्रशिक्षकांनी सामन्यानंतर मान्य केले.

लगेचच वेळापत्रकाला दुसरे भगदाड पडले. १९ सप्टेंबरला वेस्ट पॉइंट येथे आर्मीशी ठरलेला सामना ब्रिगहॅम यंगच्याच गोटात बाधित आढळल्याने पुढे ढकलावा लागला आणि त्या हंगामात तो कधीच झाला नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या कॉन्फरन्सना दोष देता येईल, अशी ही बाब नव्हती. कॉन्फरन्समधील संघावर अशी वेळ आली असती तर गटाच्या वेळापत्रकात त्या सामन्यासाठी राखीव तारीख शोधली गेली असती. येथे दोन स्वतंत्र संघांच्या दिनदर्शिका पुन्हा जुळण्यावर सारे अवलंबून होते. त्या जुळल्या नाहीत.

नवे वेळापत्रक कोणापासून उभे राहिले, हे पाहणे उद्बोधक आहे. बड्या पाच कॉन्फरन्सची दारे बंद होती. उघडी राहिली ती अमेरिकन ॲथलेटिक, सन बेल्ट आणि कॉन्फरन्स यूएसए या तुलनेने लहान कॉन्फरन्सची. त्यांनी आपल्या सदस्यांना बाहेरच्यांशी खेळण्याची मुभा कायम ठेवली होती. या संघांनीही बड्यांशी ठरलेले, मोबदल्याचे सामने गमावले होते. त्यामुळे दोन्ही बाजूंना गरज होती. अमेरिकन ॲथलेटिकमधून नेव्ही व ह्यूस्टन, सन बेल्टमधून ट्रॉय, टेक्सास स्टेट व पुढे कोस्टल कॅरोलायना, कॉन्फरन्स यूएसएमधून लुइझियाना टेक, टेक्सास-सॅन अँटोनिओ व वेस्टर्न केंटकी असे आठ सामने जुळले. माउंटन वेस्टने सप्टेंबरअखेर निर्णय फिरविल्यावर बोइसी स्टेट आणि सॅन डिएगो स्टेट परतले. नॉर्थ अलाबामा पहिल्यापासून होतेच. अकरा सामन्यांचा नियमित हंगाम अशा रीतीने पूर्ण झाला. बड्या पाचांतील एकही प्रतिस्पर्धी त्यात नव्हता. मूळ यादीत असे सहा होते.

या जुळवाजुळवीत ईएसपीएनचा हातभार मोठा होता, आणि तो निःस्वार्थ नव्हता. बिग टेन व पॅक-१२ यांनी ११ ऑगस्टला हंगाम लांबणीवर टाकल्यानंतर वाहिनीपुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमधील रिकाम्या वेळा भरण्याचा प्रश्न होता. ब्रिगहॅम यंगशी असलेला तिचा करार त्याच वर्षी जानेवारीत वाढविण्यात आला होता. प्रेक्षकांच्या ओळखीचा आणि कुठल्याही दिवशी खेळायला तयार असलेला संघ तिला हवाच होता. सामने शनिवारच्या परंपरेत अडकून राहिले नाहीत. पहिला सोमवारी झाला, लुइझियाना टेक, ह्यूस्टन व बोइसी स्टेटविरुद्धचे शुक्रवारी, आणि हंगामाचा शेवट मंगळवारी झाला. रविवार तेवढा मोकळा राहिला. मुळात प्रोव्होत ठरलेला ह्यूस्टनविरुद्धचा सामना टेक्सासमध्ये खेळविला गेला. सुरुवातीचे घरचे सामने प्रेक्षकांविना झाले. तिकिटांचे उत्पन्न बुडाल्यावर कॅमेऱ्यासमोर असणे हेच विद्यापीठाचे मुख्य भांडवल उरले होते.

प्रशिक्षक कलानी सिटाके यांचा संघ मैदानावर मात्र अनपेक्षित ताकदीचा निघाला. क्वार्टरबॅक झॅक विल्सनने त्या हंगामात ३,६९२ यार्डांची फेक नोंदविली, ३३ टचडाउन फेकले आणि केवळ तीन वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला. ट्रॉयविरुद्ध ४८-७, लुइझियाना टेकविरुद्ध ४५-१४, टेक्सास स्टेटविरुद्ध ५२-१४ असे एकतर्फी निकाल लागत गेले. टेक्सास-सॅन अँटोनिओने २७-२० पर्यंत झुंज दिली, एवढाच काय तो अपवाद. ६ नोव्हेंबरला बोइसी स्टेटला त्यांच्याच निळ्या मैदानावर ५१-१७ असे हरविल्यानंतर ब्रिगहॅम यंग असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत आठव्या स्थानी पोहोचले.

येथून वेळापत्रकाचा प्रश्न नव्या रूपात पुढे आला. आधी खेळायला कोणी मिळेल का, ही चिंता होती. आता मिळालेले प्रतिस्पर्धी पुरेसे बलवान आहेत का, यावर वाद सुरू झाला. राष्ट्रीय अजिंक्यपदासाठीचे चार संघ एक निवड समिती ठरवीत असे आणि प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा हा तिचा महत्त्वाचा निकष होता. २४ नोव्हेंबरला समितीची पहिली क्रमवारी आली तेव्हा नऊपैकी नऊ सामने जिंकलेल्या ब्रिगहॅम यंगला चौदावे स्थान मिळाले. पत्रकारांच्या आणि समितीच्या क्रमवारीतील तफावत वेळापत्रकाच्या वजनाची होती. समितीचे म्हणणे निराधार नव्हते. परंतु बलवान प्रतिस्पर्ध्यांना करारातून मोकळे करणारे ब्रिगहॅम यंग नव्हते, हेही तितकेच खरे. ज्या कॉन्फरन्सनी बाहेरच्यांशी खेळणे बंद केले, त्यांच्याच संघांच्या तुलनेत या संघाला तोलले जात होते.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पॅक-१२ ने आपल्या सदस्यांना मोकळ्या आठवड्यात बाहेरच्या संघाशी खेळण्याची सवलत दिली. अटी मात्र एकतर्फी होत्या. सामना पॅक-१२ च्या संघाच्याच मैदानावर व्हायचा, चाचण्यांचे नियम त्यांचे आणि त्याच आठवड्यात गटातील एखादा प्रतिस्पर्धी मोकळा झाला तर बाहेरच्या पाहुण्याला बाजूला सारले जायचे. वॉशिंग्टन विद्यापीठाचा सामना रद्द झाल्यावर ब्रिगहॅम यंगशी चाचपणी झाली, ती या अटींपाशी अडली. अखेर वॉशिंग्टनने २८ नोव्हेंबरला सामना खेळला तो यूटाशी. ब्रिगहॅम यंगने आव्हान टाळले, अशी टीका त्यानंतर देशभर झाली. आठवडाभर तयारी करून आदल्या दिवशी घरी परतण्याची शक्यता असलेला करार कोणी स्वीकारावा, हा प्रश्न टीकाकारांनी फारसा विचारला नाही.

टीकेला उत्तर आठच दिवसांत मिळाले. ५ डिसेंबरला साउथ कॅरोलायनातील कॉन्वे या छोट्या शहरात कोस्टल कॅरोलायना आणि लिबर्टी यांचा सामना होता. लिबर्टी हाही स्वतंत्र संघ. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या ‘गटाबाहेरचा एक सामना’ या नियमाचा त्याला फायदा झाला होता आणि व्हर्जिनिया टेकसारख्या बड्या संघाला त्याने हरविले होते. सामन्याच्या आठवड्यात लिबर्टीत संसर्ग पसरला. कोस्टल कॅरोलायना अपराजित होते, ईएसपीएनचा लोकप्रिय ‘कॉलेज गेमडे’ कार्यक्रम त्या दिवशी तेथूनच प्रसारित व्हायचा होता आणि प्रतिस्पर्धी मात्र नाहीसा झाला होता. ब्रिगहॅम यंगचा तो शनिवार मोकळा होता.

गुरुवारी, ३ डिसेंबरला, सामना जाहीर झाला. शुक्रवारी संघ विमानाने निघाला आणि शनिवारी मैदानात उतरला. ज्या करारांना एरवी वर्षे लागतात, तो दोन-तीन दिवसांच्या दूरध्वनींवर झाला. हेल्मेट, छातीची कवचे, पोशाख असे संघाचे सामान वाहणारा ट्रक अधिकृत घोषणेची वाट न पाहताच प्रोव्होहून पूर्वेकडे निघाला होता. रस्त्याने हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे. प्रशिक्षकांना प्रतिस्पर्ध्याच्या डावपेचांच्या अभ्यासासाठी नेहमीच्या आठवड्याऐवजी जेमतेम दोन दिवस मिळाले. कोस्टल कॅरोलायनाचे आक्रमण चेंडू कोणाकडे आहे याचा थांग लागू न देणारे होते आणि तसल्या खेळाशी दोन हात करण्यासाठी सरावाचे दिवसच लागतात. यजमानांनाही लिबर्टीसाठी केलेली तयारी गुंडाळून नव्याने सुरुवात करावी लागली होती. त्यांना प्रवास तेवढा नव्हता.

सामना अखेरच्या क्षणापर्यंत रंगला. २२-१७ असे पिछाडीवर असताना ब्रिगहॅम यंगकडे शेवटची संधी आली. घड्याळातील वेळ संपता संपता विल्सनचा चेंडू डॅक्स मिल्नने झेलला आणि गोलरेषेच्या एक यार्ड अलीकडे त्याला पाडण्यात आले. एका यार्डाने सामना गेला आणि त्याबरोबर अपराजित हंगाम तसेच मानाच्या बाऊल सामन्याची उरलीसुरली आशाही गेली.

हा सामना स्वीकारण्याचा निर्णय शहाणपणाचा होता काय, यावर चाहत्यांत पुढे बराच काळ वाद झडला. घरी बसून राहिले असते तर पराभव टळला असता. पण चौदाव्या-तेराव्या क्रमांकावरून वर जाण्यासाठी एका बलवान संघावरील विजयाची गरज होती, आणि तो मिळविण्याची दुसरी संधी समोर नव्हती. कॉन्फरन्समधील संघाला गटाची अंतिम लढत ही अशी संधी आपोआप देते. स्वतंत्र संघाला ती दोन दिवसांच्या सूचनेवर, देशाच्या दुसऱ्या टोकाला, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जाऊन मिळवावी लागली.

आठवड्याने सॅन डिएगो स्टेटवर २८-१४ असा विजय मिळाला. समितीच्या अंतिम क्रमवारीत ब्रिगहॅम यंग सोळावे राहिले. २२ डिसेंबरला फ्लोरिडातील बोका रॅटन बाऊलमध्ये त्यांनी सेंट्रल फ्लोरिडाला ४९-२३ असे नमविले. अकरा विजय आणि एक पराभव अशी अखेर झाली. असोसिएटेड प्रेसच्या अंतिम यादीत अकरावे स्थान मिळाले. एप्रिल २०२१ मध्ये व्यावसायिक लीगच्या निवडप्रक्रियेत न्यूयॉर्क जेट्सने झॅक विल्सनला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. कमकुवत प्रतिस्पर्ध्यांची चर्चा तेथे आड आली नाही.

आर्मीच्या अनुभवातही हाच धागा दिसतो. नऊ सामने जिंकूनही डिसेंबरमध्ये तो संघ बाऊल सामन्याविना राहिला होता. ज्या इंडिपेंडन्स बाऊलशी त्यांचा करार होता, त्याला प्रतिस्पर्धी संघ न मिळाल्याने तो रद्द झाला. साथीमुळे किमान विजयांची अट त्या वर्षी शिथिल असल्याने अगदी थोडे सामने जिंकलेल्या, पण कॉन्फरन्सच्या करारांचे छत्र असलेल्या संघांना मात्र बाऊल सामने मिळत होते. टेनेसीने संसर्गामुळे माघार घेतली तेव्हा कोठे लिबर्टी बाऊलची जागा आर्मीच्या पदरी पडली.

२०२१ मध्ये नेहमीचे वेळापत्रक परतले आणि ब्रिगहॅम यंगने पॅक-१२ मधील पाच संघांशी खेळून पाचही सामने जिंकले. त्यांत नऊ लागोपाठच्या पराभवांनंतर यूटावर मिळविलेला २६-१७ हा विजयही होता. ही लढत ११ सप्टेंबरला झाली. आदल्याच दिवशी बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सने ब्रिगहॅम यंगला सदस्यत्व देऊ केले होते आणि विद्यापीठाने ते स्वीकारले होते. टेक्सास आणि ओक्लाहोमा बाहेर पडत असल्याने त्या कॉन्फरन्सला नवे सदस्य हवे होते. त्यामुळे या निमंत्रणाचे श्रेय केवळ २०२० च्या हंगामाला देता येणार नाही. तथापि वेळापत्रकाची शाश्वती हा दशकभराच्या स्वातंत्र्यात सतत उरलेला प्रश्न होता आणि साथीने तो सर्वांसमोर उघडा पाडला होता. १ जुलै २०२३ पासून ब्रिगहॅम यंग बिग ट्वेल्व्हचे सदस्य झाले. पहिल्या हंगामात त्यांना बारापैकी पाचच सामने जिंकता आले. बाहेरून मागितलेले बलवान प्रतिस्पर्धी आता दर आठवड्याला ठरलेले होते.

इतरांनीही आसरा शोधला. लिबर्टी आणि न्यू मेक्सिको स्टेट २०२३ मध्ये कॉन्फरन्स यूएसएमध्ये गेले, आर्मी २०२४ मध्ये अमेरिकन ॲथलेटिकमध्ये, मॅसॅच्युसेट्स २०२५ मध्ये मिड-अमेरिकनमध्ये. २०२० च्या सात स्वतंत्र संघांपैकी २०२५ च्या हंगामात दोनच उरले : त्या वर्षी एकही सामना न खेळलेले कनेटिकट आणि त्या एका वर्षापुरते स्वातंत्र्य बाजूला ठेवलेले नोत्र दाम.